एकशेवीस रुपयांचा चार्जर आणि रांगतं बाळ

प्रश्न : माझ्या फोनसोबत चार्जर आला नव्हता. जुना बंद पडल्यावर मिस्टरांनी एस. टी. स्टँडबाहेरच्या गाडीवरून एकशेवीस रुपयांना एक असे दोन ‘फास्ट’ चार्जर आणले. महिना झाला. फोन चार्जिंगला लावून हातात धरला की कडेला झिणझिण्या येतात, अनवाणी असले की जास्तच. स्क्रीन आपोआप उड्या मारते, टाइप करायला जावं तर भलतीच अक्षरं उमटतात. चार्जर इतका तापतो की त्यावर हात ठेवून राहवत नाही. मुलगी अकरा महिन्यांची आहे, रांगते, दिसेल ते तोंडात घालते. वायर तर तिची फार आवडती. मिस्टर म्हणतात, “सगळं गाव हेच वापरतं, कुणाला काय झालंय? फोन चार्ज होतोय ना?” कंपनीचा चार्जर पंधराशेला आहे. मी उगाच घाबरतेय का? अशा चार्जरने फोन खराब होतो का? दुसरा चार्जर सासूबाईंच्या उशाशी असतो.
— एक वाचक, चिपळूण

ताई, पुढचं वाचण्याआधी उठा, त्या चार्जरचं बटण बंद करा, चार्जर बोर्डातून काढा आणि उंच कपाटावर ठेवून द्या. त्याचं पुढे काय करायचं ते सांगतो. आज रात्रीपुरता फोन शेजारच्यांकडे, त्यांच्या फोनच्या मूळ चार्जरवर चार्ज करून घ्या. आता बसून वाचा.

तुम्ही उगाच घाबरत नाही. नुसत्या झिणझिण्या येतात एवढंच लिहिलं असतं, तर मी म्हटलं असतं, थांबा, बघू. चांगल्या चार्जरनेही कधी कधी झिणझिणतं, त्याचं कारण पुढे येईल. पण झिणझिण्या, उड्या मारणारी स्क्रीन आणि हात ठेवता येऊ नये इतका ताप हे तिन्ही एकाच डबीत, आणि घरात रांगतं बाळ. अशा वेळी तपासत बसायचं नसतं. वस्तू काढून टाकायची असते.

मिस्टरांचा प्रश्न मात्र मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो. फोन चार्ज होतोय ना? होतो. अगदी टाकाऊ चार्जरनेही होतो. चार्जरची कामं दोन असतात. फोनला ५ व्होल्ट द्यायचे हे पहिलं. भिंतीतले २३० व्होल्ट तुमच्या हातापर्यंत येऊ द्यायचे नाहीत हे दुसरं. पहिलं काम बिघडलं तर तासाभरात कळतं. दुसऱ्या कामासाठी आत काहीच बसवलेलं नसलं, तरी महिनोन्‌महिने कळत नाही. फोन शंभर टक्के भरलेला दिसत राहतो.

मी आयटीआयमध्ये सत्तावीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. दरवर्षी मुलांना घरातले मेलेले चार्जर आणायला सांगायचो आणि वर्गात व्हाइसमध्ये धरून हॅकसॉने कापायचो. एक नावाजलेल्या कंपनीचा, एक रस्त्यावरचा, असे दोन शेजारी शेजारी ठेवायचे. मग मुलांना सांगायचो, यातला २३० व्होल्टचा मुलूख कुठे संपतो आणि ५ व्होल्टचा कुठे सुरू होतो, ते पेनाने रेघ मारून दाखवा. चांगल्या चार्जरमध्ये ती रेघ मारायला ऐसपैस जागा असायची, पाच-सहा मिलिमीटरची मोकळी पट्टी. काही ठिकाणी तर त्या पट्टीत सर्किट बोर्डाला मुद्दाम लांबट खाच पाडलेली असते, म्हणजे धूळ-ओल साचून करंटला चालत जायला वाटच उरू नये. रस्त्यावरच्या चार्जरमध्ये मुलं रेघ मारायला जायची आणि पेनाचं टोक एकाच वेळी दोन्हीकडच्या सोल्डरच्या डागांना टेकायचं. एवढं अंतर. तेही आपल्याकडच्या दमट हवेत.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. भिंतीतली वीज चार्जरमध्ये शिरली की आधी तिचं डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, होतं. ते ३२५ व्होल्टच्या आसपास असतं आणि एका कंडेन्सरमध्ये साठतं. एक छोटी आयसी, म्हणजे चिप, ते सेकंदाला हजारो वेळा तोडते-जोडते. हे तुकडे बोराएवढ्या ट्रान्सफॉर्मरच्या एका वेटोळ्यातून जातात आणि दुसऱ्या वेटोळ्यात तुम्हाला हवे असलेले ५ व्होल्ट तयार होतात. या दोन वेटोळ्यांत तांब्याचा तांब्याला स्पर्श नसतो. एकीकडून दुसरीकडे जातं ते फक्त चुंबकत्व. हा जो मधला पडदा आहे ना, तेच तुमचं सगळं संरक्षण.

सगळं म्हणतो, ते शब्दशः घ्या. इस्त्री, फ्रिज, गीझर यांना तीन पिना असतात. आत काही बिघडून करंट बाहेरच्या पत्र्यावर आला तर तो अर्थिंगच्या वायरने जमिनीत निघून जातो. मोबाइलच्या चार्जरला पिना दोनच. अर्थिंग नाहीच, आणि ते नियमाला धरून आहे, कारण त्याच्या आत दुहेरी इन्सुलेशन आहे असं गृहीत धरलेलं असतं. लेबलवर चौकोनाच्या आत चौकोन अशी खूण असते, ती याचीच. प्रमाणित चार्जरच्या या पडद्यावर तीन हजार व्होल्ट लावून तो टिकतो का ते पाहतात. तुमच्या गाडीवरच्या चार्जरवरही ती खूण छापलेली असेल. छापायला काय लागतं?

आता पैसे वाचतात ते कुठे, तर नेमके याच पडद्यात. चांगल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ५ व्होल्टच्या बाजूला तिहेरी आवरणाची तार गुंडाळतात. स्वस्तातल्यात साधी इनॅमलची, म्हणजे नुसता पातळ लेप दिलेली तार आणि वर पिवळ्या टेपचा एखाद-दीड वेढा. फ्यूजच्या जागी कधी एक साधी तार डागलेली. दोन्ही बाजूंना जोडणारा एक निळा, चपटा, टिकलीसारखा कंडेन्सर असतो, तो खास सुरक्षेच्या दर्जाचा लागतो. त्याच्या जागी साधा सिरॅमिक लावलेला, नाहीतर तिथे काहीच नाही. कंजुषी अशीच केली जाते, कारण यातलं काहीही कमी केलं तरी चार्जर बंद पडत नाही. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येत नाही.

एक चार्जर मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. एका विद्यार्थ्याच्या आईने तो पाठवला होता, झटका देतो म्हणून. आम्ही तो उघडला, २३० कडचा भाग आणि यूएसबीचा पत्रा यांच्यावर मल्टिमीटरच्या सुया ठेवल्या, आणि बझर वाजला, म्हणजे दोन्ही एकमेकांना जोडलेले निघाले. तिथे तो कधीही वाजायला नको. ट्रान्सफॉर्मर सोडवून टेप उकलली. खाली दोन्ही वेटोळी एका जागी काळी पडलेली, इनॅमल जळून तार तारेला चिकटलेली. मोहरीच्या दाण्याएवढा डाग. मी मुलाला विचारलं, फोन चार्ज होणं कधी थांबलं? तो म्हणाला, सर, थांबलंच नव्हतं, कालपर्यंत रोज फुल होत होता. वर्गात कुणी काही बोललं नाही. त्या दिवसापासून ‘चार्ज होतोय ना’ हे वाक्य ऐकलं की मला तो काळा डाग आठवतो.

आता तुमच्या झिणझिण्या. मघाशी ज्या निळ्या कंडेन्सरचा उल्लेख केला, त्यातून चांगल्या चार्जरमध्येही अगदी थोडा करंट झिरपतो, साधारण एका मिलिअँपिअरचा दहावा-पाचवा भाग. फोनची कडा धातूची असेल आणि तुम्ही अनवाणी फरशीवर असाल तर तो कातडीला खरखरीत लागतो. चप्पल घातली की तो जाणवेनासा होतो. त्याने अपाय होत नाही. अडचण अशी की सुरक्षित झिणझिणी आणि धोक्याची झिणझिणी यांत घरबसल्या फरक करता येत नाही. बरेच जण फोनला टेस्टर लावून बघतात. टेस्टरचा दिवा दोन्हींत मिणमिणतो, त्यामुळे त्यावर विसंबू नका. साध्या सिरॅमिक कंडेन्सरचा दोष हा की तो बिघडला तर बहुतेक वेळा शॉर्ट होतो, आणि मग झिरपण्याऐवजी अख्खी फेजच पलीकडे येऊ शकते. आपल्याकडे वीज जाऊन परत येताना जो दणका बसतो, किंवा मे-ऑक्टोबरात वीज कडाडते तेव्हा तारांवर जो ताण येतो, तो असा कंडेन्सर फोडायला पुरेसा असतो. झिणझिणीऐवजी हात मागे खेचला जाईल असा झटका एकदा जरी बसला, तर पुन्हा लावून खात्री करायची नाही.

स्क्रीनच्या उड्यांबद्दल तर शंकेला जागाच नाही. टचस्क्रीन बोटाच्या अगदी हलक्या विद्युत चाहुलीवर चालते. चार्जरमधून खरखर येत असली की तिला खोटी बोटं भासतात. ती खरखर गाळायचे भाग आत असतात, तेच तुमच्या चार्जरमध्ये गाळले आहेत. वायर काढल्याबरोबर स्क्रीन सरळ वागत असेल तर फोनला दोष देऊ नका. ज्याने खरखर गाळायचे दोन-चार रुपये वाचवले, त्याने पडद्याचे वाचवले नसतील असं मी तरी धरून चालणार नाही.

तापाचं म्हणाल, तर चार्जर कोमट होणारच. पाच सेकंद तळवा ठेवता येत नसेल तर मात्र तो झेपेना इतकं काम करतोय. एक सोपा हिशेब सांगतो. तुमचा फोन पाच हजार एमएएचचा असेल तर त्यात सुमारे १९ वॅट-तास वीज मावते. खरा ५ व्होल्ट, २ अँपिअरचा, म्हणजे १० वॅटचा चार्जर तो अडीच तासांच्या आसपास भरेल. तुमच्या ‘फास्ट’ चार्जरला पाच तास लागत असतील तर लेबलवर काहीही छापलेलं असो, तो जेमतेम ५ वॅट देतोय. पाच देतो आणि इतका तापतो.

आणखी एक तापणारी जागा म्हणजे बोर्ड. या चार्जरच्या पिना बऱ्याचदा बारीक असतात, आपल्या सॉकेटमध्ये त्या लुळ्या बसतात, चार्जर मान टाकल्यासारखा लोंबतो. सैल जागी ठिणगी उडते, ठिणगीने पितळ काळं पडतं, काळं पडलं की आणखी तापतं. चिपळुणात जुलै २०२१ च्या पुरात किती घरांचे बोर्ड पाण्याखाली गेले हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यातले बरेच वाळवून तसेच वापरात आहेत. तुमचा त्यातला असेल तर वायरमनला बोलावून सॉकेट बदलून घ्या. खर्च फार नाही, आणि बोर्ड आतून गंजलेला असला तर चांगला चार्जरही तिथे धड चालणार नाही.

फोन खराब होतो का, असं विचारलंत. लगेच नाही. बॅटरी किती भरायची हे चार्जर ठरवत नाही, फोनच्या आतलं सर्किट ठरवतं, म्हणून ‘जास्त चार्ज होऊन फुटला’ हे दर वेळी खरं नसतं. पण बाहेरचा दणका आत गेला तर पहिली मरते ती चार्जिंग आयसी, आणि तिच्या दुरुस्तीचं बिल चांगल्या चार्जरच्या किमतीच्या वर जातं. फोनचं इतकं पुरे. फोन नवा घेता येतो.

बाळाचं मात्र सविस्तर लिहितो. ऑगस्ट २०२३ मध्ये तुमच्या किनारपट्टीवरच थोडं खाली, कर्नाटकातल्या कारवार तालुक्यात, आठ महिन्यांचं बाळ दगावल्याची बातमी आली होती. फोन काढून घेतला होता, बटण चालूच राहिलं होतं, वायरचं लोंबतं टोक बाळाने तोंडात घातलं. मी ती बातमी वाचली तेव्हा बराच वेळ तसाच बसून होतो. त्या वायरच्या टोकाला ५ व्होल्ट असायला हवेत, आणि ५ व्होल्टने जीव जात नाही. चार्जरमधला तो पडदा धड असेल तर जाऊ शकत नाही.

कोरड्या हाताची कातडी करंटला बऱ्यापैकी अडवते. बाळाचं तोंड ओलं, त्यात लाळ, जीभ आणि ओठ नाजूक, आणि खाली उघड्या पायांनी फरशी. म्हणून मोठ्यांना जिथे नुसतं झिणझिणतं तिथे बाळाचं तसं राहील असं समजू नका. फोन काढला की आधी बटण बंद, मग वायर बाळाला दिसणार नाही अशी गुंडाळून ठेवायची, हा नियम घरातल्या सगळ्यांना लावा, पाहुण्यांनासुद्धा. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण असतं. जगात सगळीकडे ही सोय नाही. आपण ती वापरत नाही, वर्षानुवर्षं चार्जर चालूच ठेवतो. चार्जिंगची जागा जमिनीलगतच्या बोर्डावरून उचलून ओट्याच्या वर किंवा टीव्हीच्या फळीवर न्या. ओट्यावर नेलीत तर नळापासून लांब.

आणि देव न करो, पण कधी बाळाच्या तोंडात चालू वायर सापडली, तर आधी बटण किंवा मेन बंद करा, मग बाळाला हात लावा. बाळ निपचित पडलं तर १०८ ला फोन. रडून शांत झालं, ओठाच्या कोपऱ्यावर फक्त पांढरट किंवा काळसर डाग दिसतोय, तरीही दवाखान्यात न्यायचंच. विजेने भाजलेल्या ओठाची खपली आठवडा-दोन आठवड्यांनी सुटते तेव्हा आतून जोरात रक्त येऊ शकतं. हे डॉक्टरांना माहीत असतं, घरच्यांना नसतं.

घरातल्या मेन बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का तेही बघा. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा स्विच, असतोच, पण तो वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही. एमसीबी पडायला कित्येक अँपिअर लागतात. माणसाचं हृदय बिघडायला त्याच्या काहीशेव्या हिश्शाइतका करंट पुरतो. आरसीसीबी ३० मिलिअँपिअर करंट भलत्या वाटेने जमिनीत जाताना दिसला की क्षणात वीज तोडतो. त्यावर ‘टी’ अक्षराचं छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं; दाबल्यावर वीज गेली पाहिजे. नसेल तर मान्यताप्राप्त इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. बाळ असलेल्या घरात दुसऱ्या कुठल्याही खर्चाआधी मी हा करायला सांगेन.

“कुणाला काय झालंय?” याचं उत्तर देणं अवघड आहे, कारण होतं तेव्हा चार्जरचं नाव क्वचित येतं. बातमी येते ती ‘शॉर्ट सर्किटने आग’ किंवा ‘मोबाइलचा स्फोट’ अशी. तरी काही गोष्टी नोंदलेल्या आहेत. जुलै २०१३ मध्ये चीनमध्ये चार्जिंगला लावलेला फोन उचलताना एक तरुणी विजेच्या धक्क्याने गेल्याची बातमी आली आणि संशय बनावट चार्जरवर गेला. पुढच्याच महिन्यात ॲपलने लोकांकडचे बनावट चार्जर परत घेऊन सवलतीत खरे द्यायची योजना आणली. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या व्यापार-मानक अधिकाऱ्यांच्या संस्थेने ॲपलच्या नावाने विकले जाणारे ४०० नकली चार्जर यूएल या तपासणी संस्थेकडून तपासून घेतले. चारशेपैकी ३ पास झाले. बारा तर असे होते की त्यांनी जीव जाऊ शकला असता. 

आता नवा घेण्याबद्दल. पंधराशे घालवायची गरज नाही. कंपनीचाच चार्जर हवा असं मुळीच नाही. माहितीतल्या एखाद्या ब्रँडचा नोंदणीकृत साधा चार्जर चार-पाचशेच्या आसपास मिळतो. फोन थोडा सावकाश भरेल, इतकंच. कमी वॅटच्या चार्जरने फोन बिघडत नाही आणि चांगल्या जास्त वॅटच्या चार्जरनेही नाही. फोन आणि चार्जर आपसात ठरवून लागेल तेवढंच घेतात-देतात.

नोंदणी म्हणजे बीआयएसची, भारतीय मानक ब्युरोची. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा सरकारी आदेश २०१२ मध्ये निघाला आणि चार्जर त्यात येतात. लेबलवर आयएस पासून सुरू होणारा मानकाचा क्रमांक असतो, बऱ्याच चार्जरवर आयएस १३२५२ असा, आणि त्याच्याजवळ इंग्रजी ‘आर’ अक्षर, छोटी आडवी रेघ आणि पुढे आठ आकडे. हे आठ आकडे महत्त्वाचे. मोबाइलमध्ये ‘बीआयएस केअर’ हे सरकारी ॲप घ्या, त्यात आर-नंबर तपासायची सोय आहे. नंबर टाकला की तो कोणत्या कारखान्याला, कोणत्या ब्रँडसाठी, कोणत्या वस्तूसाठी दिलाय ते दिसतं. नुसता नंबर सापडला म्हणून खूश होऊ नका. दुसऱ्याचा नंबर उचलून छापणारे आहेत. ॲपमध्ये दिसणारा ब्रँड आणि तुमच्या हातातला ब्रँड एकच हवा, आणि वस्तू चार्जरच हवी. त्याच कंपनीच्या हेडफोनचा नंबर चालणार नाही. ऑनलाइन मागवलात तर डबी फोडायच्या आधी हे करा, म्हणजे परत पाठवता येतो. सीई हे युरोपचं चिन्ह आहे, ते बघून इथे काही ठरत नाही. वजनावरून ओळखायची जुनी युक्ती पूर्वी मी मुलांना सांगायचो, आता सांगत नाही. हल्लीचे चांगले चार्जरही हलके आले आहेत आणि नकली वजनदार करणं काही कठीण नाही. बिल मात्र मागाच. बिल द्यायला दुकानदार काचकूच करू लागला तर दुसरं दुकान गाठा.

हे सगळं तुम्ही मिस्टरांना वाचून दाखवलंत तर कदाचित भाषण वाटेल. त्यापेक्षा ॲप त्यांच्याच फोनवर घ्या आणि त्या गाडीवरच्या चार्जरचं लेबल त्यांच्या हातात द्या. म्हणा, यावरचा नंबर शोधून द्या मला. माझा अंदाज आहे, नंबर मिळणारच नाही, किंवा मिळेल तो भलत्याच वस्तूचा. त्यांनी स्वतः शोधला की तुम्हाला वाद घालावा लागणार नाही. त्यांनी काही वाईट हेतूने आणला नाही. घरात चार्जर नव्हता, समोर दिसला, स्वस्त होता. गाडीवाल्यालाही आत काय आहे हे ठाऊक नसतं. बीआयएसचा २०१६ चा कायदा नोंदणीशिवाय असा माल बनवणाऱ्या, आयात करणाऱ्या आणि विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यालाच किमान दोन लाखांचा दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद सांगतो. तक्रार त्याच ॲपमधून करता येते, किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर. केलीत तर बरं होईल, तुमच्या गावात अशी बाळं आणखीही आहेत.

काढून ठेवलेला चार्जर कुणाला देऊ नका. आपल्याकडे जुनी वस्तू फेकवत नाही, ती कामाला येणाऱ्या मावशींना दिली जाते. त्यांच्याही घरी रांगणारं पोर असतं. पकडीने दोन्ही पिना वाकवून मोडून टाका, म्हणजे कचऱ्यातून उचलून कुणी पुन्हा लावणार नाही, आणि ई-कचऱ्यात द्या.

आणि दुसरा चार्जर, सासूबाईंच्या उशाचा. तो आजच रात्री काढा, नवा यायची वाट बघू नका. गादी, चादर, उशी यांच्यामध्ये दबलेला चार्जर आणि फोन दोन्ही तापतात, उष्णतेला बाहेर पडायला जागा मिळत नाही, आणि झोपेत कळत नाही. नवा चार्जर एकच येणार असेल तर तो बाहेरच्या खोलीत उंचावर लावा आणि सगळ्यांचे फोन दिवसा, कुणीतरी जागं असताना तिथेच भरा. सासूबाईंना झोपताना भजनं ऐकायची सवय असेल तर त्यांचा फोन संध्याकाळी दिवेलागणीलाच लावून पूर्ण भरून घ्या आणि रात्री वायरीशिवाय त्यांच्या उशाशी द्या.